पिल्लू चावून राहिलं? आधी हात बाजूला घ्या, मग बाकीचं

मांजरीचं पिल्लू घरी आणलं की पहिले चार दिवस सगळे फोटोच काढत असतात आणि पाचव्या दिवशी फोन येतो, अगं हे तर चावून राहिलं, हातभर ओरखडे झाले, काहून असं करते हे, रागीट निघालं का? गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या पाच-सहा घरांतून मला हाच फोन आलाय, आणि आमच्या बोक्याच्या, ढेमशाच्या वेळी मी स्वतः रडकुंडीला आले होते. म्हणून आमच्या घरी जे चाललं, जे केलं पण चाललं नाही आणि जे व्हेट डॉक्टरांनी सांगितलं, सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

ढेमसा आमच्या गच्चीवरचा. दिवाळीनंतर कूलर झाकून गच्चीवर ठेवला होता, त्याच्यामागे जुना घास पडलेला, तिथं एका मांजरीनं तीन पिल्लं दिली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, तसं तिनं दोन उचलून नेली आणि हे तिसरं राहिलं. आम्ही दीड दिवस लांबूनच बघत होतो, ती काही परत आली नाही, डिसेंबरची थंडी, रात्री नागपूरचा पारा किती खाली जातो माहीतच आहे, म्हणून खाली आणलं. पाचेक आठवड्यांचा असेल, पोट ढेमशासारखं, म्हणजे टिंड्याच्या भाजीसारखं, गोल गोल, म्हणून ढेमसा. हे सांगायचं कारण म्हणजे त्याच्या चावण्याचं मूळ तिथंच होतं.

पिल्लं साधारण चौथ्या आठवड्यापासून एकमेकांशी मस्ती करायला लागतात. एक दुसऱ्याची मान धरतं, जोरात चावलं की दुसरं किंचाळतं नाहीतर उलटून चावतं नाहीतर सरळ खेळ सोडून निघून जातं, आईपण जास्त झालं की पंजाखाली दाबून धरते. या कुस्तीतूनच त्याला कळतं की दात किती दाबायचा आणि नखं कधी आत ठेवायची. पिल्लू किमान आठ आठवडे, जमलं तर बारा आठवडे आई-भावंडांजवळ असू द्या म्हणतात ते यासाठीच. जे एकटं वाढतं त्याचं हे शिकणंच राहून जातं. वर दोन-अडीच महिन्यांचं झालं की शिकारीची हौस जोरात येते, तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत तर हलेल त्या प्रत्येक गोष्टीवर झडप, मग तो पडदा असो, पायाचा अंगठा असो की ओढणीचं टोक. त्याला राग आलेला नसतो, तुमच्यावर डूख तर अजिबात नसतो, ते शिकारीचा सराव करून राहिलं असते आणि घरात हलणारं तुमच्याशिवाय दुसरं काही नसते.

तरी आधी खेळ आहे की भीती आहे हे ओळखायला शिका, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे. खेळणारं पिल्लू बहुतेक गुपचूप असतं. ढेमसा सोफ्याखालून यायचा तेव्हा आधी नुसते डोळे दिसायचे, बाहुल्या मोठ्या काळ्या झालेल्या, मग मागचा भाग डावीकडे उजवीकडे दोन-तीनदा हलायचा, आणि मग उडी. कधी पाठीची कमान करून आडवा आडवा नाचत यायचा, तोंड अर्धवट उघडं. हा सगळा खेळ. भीती असली की फिस्कारतं, गुरगुरतं, कान डोक्याला चिकटवून चपटे करतं, अंग आक्रसून घेतं आणि कोपऱ्यात मागे मागे सरकतं. असं असेल तर खेळ बंद, हात लावणं बंद, खोली शांत करा, लपायला एक खोका द्या आणि त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्या. मुलांना पण हे दोन प्रकार दाखवून समजावा.

आता मुद्द्याची गोष्ट. हाताशी खेळणं आजपासून बंद. पूर्ण बंद, आणि घरातल्या सगळ्यांचं बंद. पिल्लू एवढंसं असतं तेव्हा त्याच्या पोटावर बोटं नाचवणं, पालथं पाडून गुदगुल्या करणं, चादरीखाली पाय हलवून दाखवणं फार गोड वाटतं, दातही तेव्हा टोचत नाहीत फारसे. पण तेच पिल्लू पाच महिन्यांत दोन किलोचं होतं आणि त्याला तुम्हीच शिकवलेलं असतं की हात म्हणजे उंदीर. आमच्याकडे मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कटाक्षानं हात दूर ठेवायचो आणि नवरा ऑफिसमधून आला की हातमोजा घालून ढेमशाशी कुस्ती खेळायचा. दोन आठवडे काहीच फरक पडेना. एका माणसानं खेळायचं आणि दुसऱ्यानं नाही, हे पिल्लाला कळत नाही, त्याला हात तो हात. हातमोजा घातला तरी आतल्या हाताचा वास तोच, आणि मोज्यामुळे ते आणखी जोरात दाबायला शिकतं. ज्या दिवशी हातमोजा बंद झाला त्या दिवसापासून खरी सुरुवात झाली.

तरी ते चावणारच, आज ना उद्या. चावलं की आपला हात झटकन मागे जातो, आणि इथंच सगळं बिघडतं, पळणारी वस्तू आणखी घट्ट धरायची हेच त्याच्या रक्तात आहे, शिवाय ओढताना कातडी फाटते ती वेगळीच. हात ढिला सोडायचा, एकदम मेल्यासारखा. उलट अगदी थोडासा त्याच्या तोंडाच्या दिशेनं सरकवायचा, शिकार स्वतःहून तोंडाकडे येत नसते त्यामुळे ते गोंधळतं आणि पकड सोडतं. सोडलं की काही न बोलता हात काढा, उठा, पाठ फिरवा. मिनिटभर त्याच्याकडे बघू पण नका, गरज पडली तर दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटून घ्या. खेळ संपला एवढंच त्याला कळायला पाहिजे, त्याचा भाऊ निघून गेला असता तसंच. मग परत या आणि हातात चिंधी बांधलेली काठी घेऊन या, ती कशी करायची ते पुढे सांगते. काही जण सांगतात जोरात 'आई गं' ओरडा, काही पिल्लं थांबतात त्यानं, पण ढेमसा दचकून पळायचा नाहीतर दुप्पट पेटायचा, म्हणून मी साध्या आवाजात 'बस' म्हणायला लागले, तेवढं पुरलं.

मारू नका. टपली नको, नाकावर टिचकी नको, मान धरून उचलून हलवणं नको, तोंडावर पाण्याचा फवारा नको, तोंडावर फुंकर पण नको. हे मी कळकळीनं सांगते कारण घरोघरी हेच करतात. मारलं तर दोनच गोष्टी होतात, एक तर त्याला वाटतं आपण पण कुस्ती खेळून राहिलो आणि ते जोर वाढवतं, नाहीतर ते हाताला घाबरायला लागतं, आणि हाताला घाबरणारं मांजर आयुष्यभर चावरं राहू शकतं, औषध द्यायचं म्हटलं, नखं कापायची म्हटलं तरी जवळ येऊ देत नाही.

हात काढून घेतला तर बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. महाग खेळणी लागत नाहीत. इथं नागपुरात बर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन पिसं लावलेली काठी मिळते, पण आमची पहिली काठी म्हणजे खराट्याच्या चार काड्या एकत्र बांधून टोकाला जुन्या ब्लाउजपीसची चिंधी. काठी लांब पाहिजे, दोन-तीन फूट तरी, म्हणजे खेळाची जागा हातापासून लांब राहते. आणि ती कशी हलवायची यात सगळं आहे. पिल्लाच्या तोंडासमोर चिंधी नाचवली तर ते दोन पंजे मारून कंटाळतं. उंदीर कधी मांजराच्या तोंडात उडी मारत नाही. चिंधी जमिनीवरून, त्याच्यापासून लांब जाऊ द्या, थोडी सरकवा, थांबवा, नुसतं टोक थरथरवा, मग दाराच्या आड अर्धी लपवा. थांबलेली चिंधी बघून त्याचा मागचा भाग हलायला लागला की समजा जमलं. आणि अधूनमधून त्याला पकडू द्या, धरू द्या, दोन मिनिटं ओरबाडू द्या. कधीच हाती न लागणारी शिकार त्याला चिडवते, लेझरच्या लाल ठिपक्याचा हाच त्रास आहे, धरायला काही सापडतच नाही. लेझर वापरलाच तर शेवटी ठिपका एखाद्या खाऊवर नेऊन सोडा, आणि डोळ्यांवर चुकूनही नको.

एका वेळी दहा मिनिटं बस झाली, पण दिवसातून तीन-चार वेळा. आणि खेळ संपला की लगेच खायला द्यायचं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा क्रमच आहे, तुम्ही पहिल्या दोन गोष्टी ओळीनं दिल्या की पुढच्या दोन ते आपोआप करतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे निम्मे ओरखडे वाचले असते.

कुस्तीसाठी पायमोजा. लांब पायमोजा घ्या, त्यात चिंध्या गच्च भरा आणि तोंड शिवून टाका, पिल्लाएवढा लांब झाला पाहिजे. पिल्लू जेव्हा तुमचं मनगट पुढच्या दोन पायांनी मिठी मारून धरतं आणि मागच्या पायांनी दणादण लाथा मारतं, तेव्हा त्याला हेच हवं असतं, मिठीत मावणारं काहीतरी. प्रत्येक खोलीत एक ठेवा, सोफ्यावर, पलंगाजवळ, कारण हात चावायला आलं त्या क्षणी तो सापडला पाहिजे. आम्ही चार केले होते.

दोऱ्याची काळजी मात्र फार घ्या. दोरा, लोकर, रबरबँड, चमकी, केसांचं रबर, हे पिल्लू गिळतं, मांजराची जीभ खरखरीत, काटे आतल्या बाजूला वळलेले, एकदा तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, आतच सरकतो आणि आतडं गोळा करतो, ऑपरेशनची पाळी येते. खेळून झालं की काठी-चिंधी कपाटात. संक्रांतीच्या आसपास तर जास्तच, आपल्याकडे गच्चीवर, बाल्कनीत, झाडावर मांजा लटकलेला असतो आणि नायलॉन मांजा तर बंदी असूनही सापडतो. जानेवारीभर रोज सकाळी बाल्कनी झाडून घ्या. आणि कधी दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका, तसंच उचलून डॉक्टरकडे न्या.

रात्रीचा आणि पहाटेचा त्रास वेगळा. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागं असतं, बाकी पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, तेव्हा तुम्ही दुपारभर झोपू दिलं आणि रात्री लाइट बंद केले तर साडेचारला ते तुमच्या पायाच्या बोटांवर येणारच. आम्ही काय केलं, रात्री साडेनऊला चांगलं दमवायचं, धावायला लावायचं, मग दहाला जेवण, मग झोप. पहाटे पायावर आलं तर पाय हलवायचे नाहीत, पांघरूण जाड घ्यायचं, बोलायचं नाही, उठून खायला तर मुळीच द्यायचं नाही. एक दिवस दिलं की पुढचे पंधरा दिवस तेच. उन्हाळ्यात वेळापत्रक थोडं बदलावं लागतं, मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या घरात ऊन असताना दुपारी खेळवू नका, ते कूलरसमोर पसरलेलं असतं तसंच राहू द्या, सकाळी साडेपाच-सहाला आणि रात्री खेळवा. कूलरची वायर आणि खालची पाण्याची टाकी दोन्ही झाकलेली आहेत ना ते बघा.

वायरींचं आलंच आहे तर दातांचं पण सांगते. पिल्लाचे दुधाचे दात सव्वीस असतात, ते साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के तीस येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे दिसेल ते चावतं, चार्जर, इअरफोन, चपलेचा पट्टा. ओला रुमाल पिळून फ्रिजमध्ये थंड करून द्या, बरं वाटतं त्यांना. वायरींवर प्लास्टिकचा पाइप चढवा. आपल्याकडे संत्र्याची सालं घरोघरी असतात, वास त्यांना आवडत नाही म्हणून वायरीजवळ ठेवतात लोक, पण संत्र्याचं तेल किंवा सालीचा रस पिल्लाच्या अंगाला, त्याच्या जागेला किंवा तुमच्या हाताला लावू नका, त्यातलं तेल मांजरासाठी विषारी आहे. मी सालं पण ठेवत नाही, पाइप पुरतो.

एक चावणं असं असतं की लोक म्हणतात, चांगलं मांडीवर होतं, मी लाड करून राहिले होते आणि एकदम चावलं. एकदम नसतं ते. शेपटीचं टोक हलायला लागतं, पाठीची कातडी थरथरते, कान मागे वळतात, घुर्र घुर्र थांबतं. यातलं एक जरी दिसलं तरी हात थांबवा. गालाला, हनुवटीखाली, कानामागे खाजवलेलं बहुतेकांना आवडतं, पोटाला हात लावणं बहुतेकांना नाही, पोट दाखवून लोळलं म्हणजे हात लाव असं नाही.

नखांसाठी दर दोन-तीन आठवड्यांनी फक्त पारदर्शक टोक कापा, आतला गुलाबी भाग रक्ताचा असतो तिथं जायचं नाही. झोपेत असताना एका वेळी दोन-तीनच नखं. पहिल्यांदा डॉक्टरांकडून बघून घ्या.

घरात लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर जरा जास्त लक्ष. आमच्या आई सत्तरीच्या, हाताची कातडी पातळ, ढेमशाचं एक नख लागलं तरी निळं पडायचं. त्या बसायच्या त्या खुर्चीजवळ एक मोजा कायम, आणि त्या पूजेला बसल्या की ढेमसा दुसऱ्या खोलीत, कारण वाती आणि पदर बघून तो थांबतच नव्हता. भाची यायची तेव्हा तिला एकच नियम, पिल्लू अंगावर आलं की झाड होऊन उभं राहायचं, पळायचं नाही.

आणि जे मनावर घ्यायलाच पाहिजे ते. दात लागून रक्त आलं किंवा ओरखडा आला तर नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, मग अँटिसेप्टिक. हळद, तिखट, चुना काही भरू नका. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो असं समजणारे अजून खूप आहेत, मांजरामुळेही होतो, आणि गच्चीवरून, रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा काही भरवसा देता येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत इंजेक्शन मिळतं. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ते पहिल्या दिवशी, मग त्यापासून ३, ७ आणि २८ व्या दिवशी, एकही चुकवायचं नाही, आणि रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शन पण लागतं, ते डॉक्टर ठरवतील. पिल्लू घरचंच असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगतात, पण तोवर आपलं इंजेक्शन थांबवून ठेवायचं नाही. दुसरं, मांजराचा दात सुईसारखा, जखम वरून एवढीशी दिसते आणि आत खोल जाते, बारा-चोवीस तासांत हात सुजला, लाल झाला, ठणकायला लागला तर घरी बसू नका. मला अंगठ्याजवळ एकदा तसं झालं होतं, संध्याकाळी ठिपका होता आणि सकाळी मूठ मिटेना, अँटिबायोटिक घ्यावं लागलं. पिल्लाची बाकीची लस साधारण आठव्या आठवड्यापासून आणि रेबीजची तीन महिन्यांनी सुरू होते, तारखा डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे, तिथंही नेता येतं.

खेळकर पिल्लू अचानक चिडकं झालं, एका ठराविक जागी हात लावला की चावतं, खाणं सोडलं, लपून बसलं, तर ते शिकवण्याचं काम नाही, काहीतरी दुखतं त्याला. डॉक्टर. आणि घरातली क्रोसिन त्याला कधीही देऊ नका, तिच्यातल्या पॅरासिटामॉलनं मांजर मरतं.

दुसरं पिल्लू आणावं का असं बरेच विचारतात. माझं मत, पहिलं तीन-चार महिन्यांच्या आतलं असेल आणि दोघांचं खाणं, लसी, नसबंदी झेपत असेल तर आणा, किंवा मुळातच दोन भावंडं एकत्र घ्या, जे आपण महिनाभर शिकवतो ते दुसरं पिल्लू आठवड्यात शिकवतं. पण एकाचा खर्च जड जात असेल तर चावतं म्हणून दुसरं आणू नका. आम्ही आणलं नाही, आमचं भागलं. नसबंदी पाच-सहा महिन्यांत करून घ्या, बोका भटकत नाही, भांडत नाही, पण खेळातलं चावणं त्यानं जाईल अशी आशा ठेवू नका, ते शिकवूनच जातं.

किती दिवस लागतात? हातमोजा बंद झाल्यापासून आम्हाला आठ-दहा दिवस काहीच वाटलं नाही, उलट दोन दिवस वाढलं. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यानं माझं बोट तोंडात घेतलं, दात टेकवले, थांबला, आणि सोडून मोज्याकडे गेला. सहाव्या महिन्यात सतरंजीवर तांदळाच्या कणीएवढा दात सापडला, तोवर हाताला नवा ओरखडा नव्हता. आता दोन वर्षांचा आहे, संध्याकाळी सात वाजले की कपाटासमोर जाऊन बसतो, काठी तिथं असते हे त्याला माहीत आहे.